श्वानाचे पोट आणि कुटुंबाची जबानी

कुत्र्याने माणसाच्या ताटातले काही उचलून न्यावे आणि माणसाने त्याच्या मागे धावावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. बदलला आहे तो केवळ धावण्याचा हेतू. कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवून सांगितलेल्या आख्यानात कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा ती त्याला कोरडी खावी लागू नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. त्याच कुत्र्याच्या एखाद्या वंशजाने आज पोळीऐवजी परदेशातून आलेला चॉकलेटचा डबा पळवला, तर नामदेवांइतक्याच कळवळ्याने धावणाऱ्या गृहस्थाला तुपाची वाटी ओट्यावरच ठेवून, एका हातात डब्याचे झाकण आणि दुसऱ्या हातात पशुवैद्याला लावलेला फोन घेऊन धावावे लागेल. कारण तुपाने चॉकलेटची बाधा उतरत नाही, उलट आधीच स्निग्ध द्रव्याने भरलेल्या त्या पोटात आणखी स्निग्धाची भर पडून स्वादुपिंडाला सूज येण्याचा संभव मात्र वाढतो.

दुसरे आख्यान याहून पुष्कळ जुने आणि आमच्या विषयाला अधिक लागू पडणारे आहे. महाभारताच्या आदिपर्वात, जनमेजयाचे सत्र चालू असताना सरमा नावाच्या देवशुनीचा मुलगा तेथे फिरत फिरत आला आणि जनमेजयाच्या भावांनी त्याला बडवून काढले. तो रडत रडत आईकडे गेला, तेव्हा आईनेही प्रथम, जगातल्या यच्चयावत आयांच्या शिरस्त्याप्रमाणे, तूच काहीतरी आगळीक केली असशील असा संशय व्यक्त केला. त्यावर त्याने आपण हविर्द्रव्य चाटले तर नाहीच, पण त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही अशी स्पष्ट जबानी दिली. मग सरमेने जातीने सत्रमंडपात जाऊन जाब विचारला, राजघराण्यातल्या त्या मंडळींना काही उत्तर देता आले नाही, आणि शापाला सुरुवात झाली. कुत्र्याने काय खाल्ले, किती खाल्ले, मुळात खाल्ले की नाही, याची तहकीकात न करता हात उचलण्याची आपली परंपरा किती प्राचीन आहे हे यावरून ध्यानात यावे. चॉकलेटच्या बाबतीत तर या तहकीकातीवरच कुत्र्याचा जीव अवलंबून असतो. आणि पुढे मी जे सांगणार आहे ते कुत्र्याच्या पोटासंबंधी थोडे आणि या तहकीकातीसंबंधीच जास्त आहे.

आमच्या बालपणी हा प्रश्न उद्भवत नसे. वाड्यातला मोत्या शिळी भाकरी आणि ताक यांवर सुखाने जगे, अंगणाच्या पायरीपलीकडे त्याला मज्जाव असे, आणि आम्हां पोरांच्या मुठीत असलीच तर रावळगावची गोळी असे, जिचा कोकोशी काडीचाही संबंध नव्हता. कॅडबरी कंपनी १९४८ साली हिंदुस्थानात आली, पुढे आमच्या ठाण्यात तिचा कारखाना निघाला, आणि ज्या चौकात तो निघाला त्या चौकाला लोक अजूनही कॅडबरी जंक्शनच म्हणतात. तरीही पुष्कळ वर्षे चॉकलेट ही वस्तू आमच्या घरात कुलपातच राहिली. पुढे दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. चॉकलेट कपाटाच्या वरच्या फळीवरून उतरत उतरत बैठकीतल्या ठेंगण्या मेजावर, दिवाळीच्या चिवड्याच्या शेजारी येऊन बसले, आणि कुत्रा अंगणातून ओटीवर, ओटीवरून स्वयंपाकघराच्या दारात आणि तेथून सोफ्यावर चढत गेला. एकाची अधोगती आणि दुसऱ्याची बढती अशी चालू राहिल्यावर दोघांची भेट कधीतरी एकाच उंचीवर व्हावी, यात विधिलिखित म्हणण्यासारखे काही नाही.

या भेटीत अनर्थ कोठे आहे तेवढे सांगतो. व्होस्क्रेसेन्स्की नावाच्या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८४१ साली कोकोच्या बियांतून थिओब्रोमीन नावाचे द्रव्य वेगळे काढले. ते चहा-कॉफीतल्या कॅफीनच्या भाऊबंदांपैकी असून त्याचा स्वभावही तसाच, म्हणजे हृदयाला धावायला लावण्याचा आणि झोप उडवण्याचा आहे. माणसाने चॉकलेट खाल्ले की सहा ते दहा तासांत त्याचे शरीर या द्रव्याचा निम्मा निकाल लावून मोकळे होते. कुत्र्याच्या देहात मात्र त्याच निम्म्या निकालास साडेसतरा तास लागतात, उरलेल्याच्या निम्म्यास पुन्हा साडेसतरा, आणि अशा रीतीने एखाद्या जुन्या कचेरीत टपालात आलेला अर्ज ज्या गतीने एका मेजावरून दुसऱ्या मेजावर सरकतो त्या गतीने हे विष त्याच्या यकृतातून सरकत असते. मधल्या काळात अर्जदाराच्या हृदयाचे काय होते याची कोणाला फिकीर नसते. प्रथम वांती, जुलाब, अनिवार तहान आणि येरझारा. मग धाप आणि छातीत पळत सुटलेली नाडी. आणि मात्रा मोठी असेल तर अंगाचा थरकाप होऊन आकडी. बहुधा ही लक्षणे सहा ते बारा तासांनी उगवतात, म्हणजे डबा फस्त केल्यावर पहिले काही तास कुत्रा अत्यंत प्रसन्न दिसतो, आणि त्याच्या या प्रसन्नतेवर विसंबून घरातली मंडळी आपापल्या कामाला लागतात.

(मांजर या भानगडीत क्वचितच सापडते. गोड चव कळण्यासाठी जिभेवर जी सोय लागते ती मांजराच्या वंशात केव्हाच बंद पडली आहे, असे संशोधकांना २००५ साली आढळून आले. तेव्हा चॉकलेटकडे पाहून मांजर जो तुच्छतेचा भाव धारण करते तो वैराग्यामुळे नसून असमर्थतेमुळे आहे, हे त्याच्या भक्तांनी लक्षात ठेवावे.)

आता सगळेच चॉकलेट सारखे घातक नसते. पांढऱ्या चॉकलेटात थिओब्रोमीन नगण्य असते. दुधाच्या चॉकलेटात ते दर ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम, काळ्या कडसर चॉकलेटात ५ आणि त्याहून अधिक, केकसाठी लागणाऱ्या बिनसाखरेच्या लादीत १५च्या आसपास आणि कोको पावडरीत २० मिलिग्रॅमच्याही वर असते. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम गेले की पोट बिघडते, ४० ते ५०च्या घरात हृदय बिघडते, आणि ६०च्या पुढे आकडीची धास्ती असते. म्हणजे बारा किलोच्या कुत्र्याने नातवाच्या हातातली २५ ग्रॅमची दुधाच्या चॉकलेटची वडी हिसकावली, तर हिशेब किलोमागे चारांच्या आसपास येतो, आणि त्या प्रसंगी कुत्र्यापेक्षा नातवाचे सांत्वन अधिक तातडीचे ठरते. उलट चार किलोच्या पामेरियनने केक करणाऱ्या गृहिणीच्या कोको पावडरीच्या डब्यात तोंड घातले, तर दोन-तीन मोठे चमचेही त्याला पुरे होतात. कुत्र्याचे वजन, चॉकलेटची जात, त्याचे परिमाण आणि घटिका, असे हे चार कलमांचे गणित आहे. यांतले एकही कलम आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. मिळतो तो सल्ला.

सल्ल्याची आवक किती होते हे ज्याने पाहिले नाही त्याने आमच्या सोसायटीत एकदा कुत्र्याला नुसते ठसकायला लावून पाहावे. एक गृहस्थ मिठाचे पाणी पाजा म्हणतील. वास्तविक त्या मिठाने रक्तातला क्षार वाढून आकडी यावयाची, म्हणजे चॉकलेटला जे साधले नाही ते मिठाने साधायचे. दुसरे घशात बोट घालायला सांगतील. हे गृहस्थ बोट मात्र कधी आपले देत नाहीत. तिसऱ्या बाई दूध पाजायला सांगतील, चौथ्या ताक, आणि आकडीची शक्यता आहे असे ऐकताच एखादे वयोवृद्ध कांदा फोडून आणतील, ज्या कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कोणाच्या तरी कानावर कोळसा हा शब्द आलेला असतो, आणि तो ऐकणारा बरोबर असूनही इस्त्रीवाल्याकडून ओंजळभर कोळसे घेऊन येतो. औषधी कोळसा ही वेगळी, मुद्दाम तयार केलेली बारीक भुकटी असून ती कोणत्या कुत्र्याला, केव्हा आणि किती द्यायची हे वैद्याने ठरवायचे असते. जखमा धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून घरीच वांती करवावी, हे ज्ञान अमेरिकेतल्या भाच्याकडून रात्री-अपरात्री येते. तेही पशुवैद्याने कुत्र्याचे वजन विचारून, मात्रा सांगून, फोनवर हुकूम दिल्याशिवाय करायचे नसते, आणि कुत्रा थरथरत किंवा गुंगीत असेल तर मुळीच करायचे नसते. या सर्व गर्दीत मोहरी, मीठ आणि मिरच्या घेऊन दृष्ट काढणारी आजीच काय ती निरुपद्रवी असते, कारण तिचे औषध कुत्र्याच्या पोटात जात नाही.

तहकीकातीचा जो मासला मला प्रत्यक्ष पाहायला मिळाला तो आमच्या समोरच्याच बिऱ्हाडातला. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून आयुष्य काढल्यामुळे, मजल्यावर कोठेही पंचनाम्यासारखा प्रसंग उद्भवला की मला बोलावणे येते. त्या संध्याकाळीही आले. हे बिऱ्हाड म्हणजे आजी, आजोबा, मुलगा, सून, दहा वर्षांची नात आणि एक बीगल जातीचा कुत्रा, ज्याचे नाव नातीने ऑस्कर असे ठेवले होते आणि आजोबा ज्याला पहिल्या दिवसापासून भास्कर म्हणत आले होते. कुत्रा, समोर खाद्य असेल तर, दोन्ही नावांना सारखाच मान देई. आदल्या आठवड्यात मुलीने ब्रुसेल्सहून चॉकलेटचा डबा पाठवला होता: सोनेरी कागदात एकेक गुंडाळलेल्या, दहा-दहा ग्रॅमच्या, निम्मा कोको असलेल्या वीस वड्या. सगळे कुटुंब गडकरी रंगायतनला साडेचारचा प्रयोग पाहून साडेसात वाजता परत आले, तेव्हा डब्याचा पुठ्ठा सोफ्याखाली लगद्याच्या स्थितीत सापडला, आणि भास्कर दारातच शेपूट हलवीत, जिभेने आपले नाक पुसत उभा होता.

सुनेने पशुवैद्य बाईंना फोन लावला आणि त्यांनी शांतपणे तीच चार कलमे विचारली. पहिले वजनाचे. कुत्र्याला काट्यावर उभे करणे अशक्य, म्हणून त्याला कडेवर घेऊन माणसाने उभे राहायचे आणि मग माणसाचे वजन वजा करायचे, अशी बाईंनी तजवीज सांगितली. मुलगा ऑस्करला घेऊन न्हाणीघरातल्या काट्यावर चढला; आकडा ९६. ‘माझे ७८,’ तो घाईघाईने म्हणाला, ‘म्हणजे हा अठरा किलोचा.’ बाई फोनवरून म्हणाल्या, ‘बीगल अठराचा नसावा. एकदा एकटे उभे राहा बघू.’ तो एकटा उभा राहिला आणि काट्याने सर्व कुटुंबासमक्ष ८४ असे जाहीर केले. कुत्रा बारा किलोचा ठरला. सुनेने त्या क्षणी काही म्हटले नाही, पण डाव्या हाताने जेवणाच्या मेजावरची तुपाची बरणी उचलून तिने आत नेऊन ठेवली, हे मी पाहिले.

दुसरे कलम जातीचे. डब्याचा तळ अजून शाबूत होता, आणि त्यावरचा मुंगीच्या पायांसारखा मजकूर आजोबांनी भिंगातून मोठ्याने वाचून दाखवला, कारण बाईंना झायलिटॉल नावाच्या साखरेच्या पर्यायाची विशेष धास्ती होती; मधुमेहींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पदार्थांत ते असते, कुत्र्याची रक्तशर्करा ते अर्ध्या-पाऊण तासात पाडते आणि यकृतालाही दुखवते. मनुकांचीही त्यांनी चौकशी केली, कारण कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मनुका मानवत नाहीत. दोन्ही नव्हते. आजोबांनी मजकूर इतक्या अस्खलितपणे वाचला की तो त्यांनी पूर्वीही वाचला असावा अशी शंका मला आली. पण पंचाने शंका मनात ठेवायची असते. घटिकेचे कलम तर चटकन निकालात निघाले: चार ते साडेसातच्या दरम्यान केव्हातरी. वांती करवायची तर पहिल्या दोन तासांत करवणे उत्तम, पण चॉकलेटचा पोटात गोळा होऊन ते रेंगाळते, तेव्हा उशीर झाला असे समजू नका, निघाच, असे बाई म्हणाल्या. ‘आणि निघता निघता मला सांगा, एकूण किती खाल्ले?’

‘वीस,’ सून म्हणाली. ‘डबा वीसचा होता.’

मी कागदावर मांडले. वीस वड्या, म्हणजे २०० ग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम, भागिले बारा, किलोमागे ८३. बाईंना सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग त्या म्हणाल्या, ‘हा आकडा आकडी येण्याचा आहे. वीसच्या वीस नक्की त्याच्याच पोटात आहेत का? घरात कोणी काही खाल्ले असेल, तर ते आत्ता कळणे फार गरजेचे आहे.’

कुटुंबातल्या मंडळींनी एकमेकांकडे न पाहण्याची खबरदारी घेतली. डबा दिवाळीतच फोडायचा, मुलीने सर्वांसाठी पाठवला आहे, असा आजींचा हुकूम त्यांच्यावर गेला आठवडाभर तामील झालेला होता. थिओब्रोमीनवर उतारा म्हणून कोणतेही औषध नाही, हे मी त्यांना ऐकवले. परंतु प्रस्तुत प्रकरणी एक उतारा माझ्या डोळ्यांदेखत त्या दिवाणखान्यात उपलब्ध होता, आणि तो असा की घरातला जो जो माणूस तोंड उघडील त्याच्या त्याच्या वड्यांइतके विष कुत्र्याच्या पोटातून, तोंडाला हात न लावता, तत्काळ कमी होणार होते.

प्रथम सुनेचे तोंड उघडले. कचेरीतून दमून आल्यावर, रोज एकच, चार दिवस, चार. मी आकडेमोड केली. सोळा वड्या, ८३ चे ६७ झाले. नात रडता रडता थांबली. ‘अजून?’ तिने विचारले. ‘अजून साठाच्या वर आहे,’ मी म्हणालो. तेव्हा मुलगा, ज्याची अब्रू काट्यावर आधीच गेली होती आणि ज्याला आता गमावण्यासारखे विशेष काही उरले नव्हते, पुढे झाला. रात्री मॅच पाहताना, दोन बैठकांत, चार. बारा वड्या, किलोमागे ५०. आकडी टळली, हृदय राहिले. फौजदारीत जिला माफीच्या साक्षीदाराची जबानी म्हणतात ती मी पुष्कळ लिहून घेतलेली आहे. पण प्रत्येक जबानीबरोबर आरोपीची शिक्षा अशी डोळ्यांदेखत उतरत जाताना मी त्या दिवशीच पाहिली.

मग सर्वांची नजर आजोबांकडे वळली. आजोबांना मधुमेह आहे. घरातली साखर त्यांच्या नावे जप्त आहे. त्यांनी प्रथम गडद चॉकलेट हृदयाला हितकारक असल्याचे वर्तमानपत्रात आले आहे, अशी प्रस्तावना केली, आणि नंतर, केवळ गुणदोष पाहण्यासाठी, एक चाखली असल्याचे मान्य केले. अकरा, ४६. ‘एकच?’ आजी म्हणाल्या. पन्नास वर्षांच्या संसारात या शब्दाला जी धार आलेली असते ती एखाद्या सरकारी वकिलालाही साधत नाही. आजोबा म्हणाले, ‘बहुधा.’ आजी उठल्या, आजोबांच्या पलंगाच्या उशाशी गेल्या आणि त्यांच्या जुन्या चष्म्याचे घर घेऊन आल्या. ते उघडताच त्यातून व्यवस्थित घड्या घातलेले पाच सोनेरी कागद, कागदपत्रे जपून ठेवण्याची सरकारी नोकरीतली सवय कायम असल्याची ग्वाही देत, मेजावर पडले. मुद्देमाल पुढे आल्यावर वाद उरला नाही. सात वड्या, २९.

आता वीस आणि चाळीस यांच्या दरम्यान आलो होतो. पोट बिघडेल, पण हृदय बहुतेक वाचेल. मी कागद घडी करणार तोच आजी, कोणी विचारले नसताना, म्हणाल्या की डबा आला त्याच दिवशी, लेकीने परदेशातून धाडलेली पहिली वस्तू म्हणून, त्यांनी त्यातली एक देवापुढे ठेवली होती. ‘आणि मग?’ सुनेने विचारले. ‘नैवेद्य वाया घालवतात का?’ आजी म्हणाल्या. सहा वड्या; ३०० मिलिग्रॅम; किलोमागे २५. हा आकडा मी बाईंना कळवला तेव्हा त्या, माझ्या कल्पनेप्रमाणे, हसू आवरीत म्हणाल्या, ‘पाच मिनिटांत तुम्ही आमचे निम्म्याहून अधिक काम केले. आता या.’

दवाखान्यातले वर्णन मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात औषधच फार आहे आणि विनोद कमी. इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच भास्करने, घरच्या मंडळींनी दाखवलेल्या आढेवेढ्यांचा मागमूसही न ठेवता, सर्व काही एका दमात जमिनीवर मांडले. मग काळी भुकटी पाण्यात कालवून पाजली गेली, आणि त्यानंतर बीगल पुढून काळा आणि मागून पांढरा असा दिसू लागला. शिरेतून सलाईन देण्याची वेळ आली नाही. निघताना बाईंनी सांगितले की हे द्रव्य मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषले जाते, तेव्हा पाणी भरपूर पाजा आणि रात्रभर दर दोन-तीन तासांनी त्याला लघुशंकेस बाहेर न्या. या कामगिरीवर कोणाला नेमायचे याचा फारसा खल झाला नाही. मधुमेहामुळे आजोबांना त्या वेळापत्रकाने तसेही उठावे लागते. त्या रात्री दोघे बागेच्या कडेने चार वेळा फेरी घालून आले, आणि आजोबा त्याला काहीतरी समजावून सांगत होते असे रखवालदार म्हणाला.

मात्र हिशेब अजून जुळत नव्हता. बाईंनी हातमोजे घालून वांतीतले सोनेरी कागद मोजले होते, कारण पोटात राहिलेला कागद आतड्यात अडकण्याची भीती असते; ते चार भरले. पाचवा सकाळी नेहमीच्या मार्गाने बाहेर आला, आणि आजोबांनी तो काठीच्या टोकाने बाजूला काढून मला वर खिडकीकडे पाहत खुणेने कळवला. सहा वड्यांचे पाच कागद. मी पुन्हा कागदावर मांडून पाहिले, सुनेचे चार, मुलाचे चार, आजोबांचे पाच, आजींचा एक, कुत्र्याचे पाच, बेरीज एकोणीस. सुनेने बाईंना फोन केला. जेवतो का, त्यांनी विचारले. दुपारपासून दोनदा जेवला. पुन्हा वांती? नाही. मग दोन दिवस लक्ष ठेवा, बाई म्हणाल्या, जेवण सोडले किंवा ओकू लागला तर आणा, पोटाचा फोटो काढून कागद कोठे अडकला आहे ते पाहू.

फोन ठेवल्यावर सगळे पुन्हा आपापल्या उद्योगाला लागले. मी निघालो तेव्हा नात जिन्यापर्यंत पोचवायला आली, आणि दार ओढून घेऊन तिने अगदी हळू आवाजात मला विचारले, ‘नाना, चांदी पोटात नसलीच, तर ते पण फोटोत कळतं का हो?’